दमनकाला शिक्षा कुणी दिली?

पंचतंत्र हे मुलांचे पुस्तक आहे, अशी आपली एक सोयीस्कर समजूत आहे. कथामुखात तिला आधारही सापडतो. महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ती राजाचे तीन अभ्यासविमुख पुत्र सहा महिन्यांत नीतिशास्त्रात निपुण करून देण्याची प्रतिज्ञा विष्णुशर्मा करतो आणि त्यासाठी ह्या कथा सांगतो. परंतु त्या मुलांना तो जी पहिली कथा सांगतो, तिच्यात एक मित्र दुसऱ्याला ठार मारतो, आणि ज्याने हे घडवून आणले तो प्रधान होतो. पाच तंत्रांपैकी पहिल्याचे नावच ‘मित्रभेद’. मैत्री जोडण्याची कथा, ‘मित्रसंप्राप्ती’, तिच्यानंतर येते. बालसाहित्यात हल्ली फार अंधार शिरला, अशी तक्रार ऐकू आली की आम्हांला हा क्रम आठवतो.

वर्धमान नावाचा व्यापारी मथुरेकडे निघालेला असताना त्याच्या गाडीचा बैल संजीवक यमुनेकाठी पाय मोडून पडतो. राखणीला ठेवलेली माणसे कंटाळतात आणि बैल मेला, आम्ही त्याला अग्नी दिला, असे धन्याला खोटेच सांगून मोकळी होतात. कथेतला पहिला विश्वासघात असा माणसांचा आहे. बैल कोवळ्या गवतावर जगतो, धष्टपुष्ट होतो आणि त्याच्या डुरकण्याने पाण्यावर आलेला पिंगलक सिंह घाबरून मागे फिरतो. दमनक हा कोल्हा, एका पदच्युत मंत्र्याचा मुलगा, ही भीती हेरतो, बैलाला अभय देऊन सिंहापुढे आणतो आणि दोघांची गाठ घालून देतो.

पुढची मैत्री खरी आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. संजीवकाच्या सहवासात पिंगलक वनातली रीत सोडून नगरातली रीत शिकू लागतो. दोघे एकांतात बोलत बसतात, बाकीचे प्राणी दूर राहतात. आणि शिकार थांबल्यामुळे सिंहाच्या उष्ट्यावर जगणारे उपाशी पडतात. हा तपशील मुलांसाठीच्या संक्षेपांत सहसा गळतो आणि तिथेच कथा लंगडी होते. दमनक दुष्ट आहे खरा. पण त्याचे पोटही रिकामे आहे. गवत खाणाऱ्याशी मांसभक्षकाने केलेल्या मैत्रीचा खर्च कुणाला तरी सोसावा लागतो, हे मूळ कथाकाराला ठाऊक होते.

दमनकाची युक्ती साधी आहे. बैल राज्यावर डोळा ठेवून आहे, तो शिंगे रोखून येईल, असे तो सिंहाला सांगतो. सिंह तुला मारणार आहे, त्याचे डोळे लाल दिसतील, कान ताठ असतील, असे बैलाला. संजीवक पळून जाण्याचा विचार करतो, आपण मांसाहाऱ्याशी संगत का केली म्हणून हळहळतो, आणि तरीही जातो. समोरासमोर येताच प्रत्येकाला दुसऱ्याच्या अंगावर नेमकी ती चिन्हे दिसतात, कारण दोघेही भ्यालेले असतात. खोटे अशा रीतीने खरे होते. प्राणिकथेत ह्याहून काळोखी जागा आम्हांला तरी आठवत नाही. रक्त सांडते ते नंतर.

संजीवक मरतो. रक्ताळलेल्या पंजाचा पिंगलक शोक करतो. दमनक त्याला राजधर्म समजावतो, सिंहाला ते पटते, आणि दमनक मंत्रिपदी सुखाने नांदतो. तंत्र संपले.

हा शेवट पुष्कळांना सोसला नाही. इराणच्या खुस्रो अनुशिर्वानच्या काळी, सहाव्या शतकात, बुर्झोय ह्या वैद्याने हा ग्रंथ पहलवीत नेला. आठव्या शतकात इब्न अल्‌-मुकफ्फाने त्यावरून अरबी ‘कलीला व दिम्ना’ सिद्ध केले. करटक आणि दमनक हीच ती नावे. अरबी ग्रंथात बैलाच्या वधापाशी कथा थांबत नाही. एक संपूर्ण नवे प्रकरण येते: सिंहाची आई न्यायाचा आग्रह धरते, दिम्नाला कैद होते, खटला चालतो, तो वाक्‌चातुर्याने बचाव करतो, चोरून ऐकलेले संभाषण एक चित्ता उघड करतो, आणि अखेरीस दिम्नाला प्राणास मुकावे लागते. संस्कृत परंपरेत हे प्रकरण नाही. त्याच पहलवीवरून सहाव्या शतकातच झालेल्या सिरियाक भाषांतरातही नाही. म्हणून ही भर इब्न अल्‌-मुकफ्फाचीच, असे अभ्यासक मानतात. पुढे ग्रीक, हिब्रू, लॅटिन अशा वाटांनी युरोपात गेली ती ही न्याय मिळालेली कथा. स्वतः इब्न अल्‌-मुकफ्फा मात्र इ. स. ७५७ च्या सुमारास, खलिफा अल्‌-मन्सूरच्या अमदानीत, बसऱ्यात मारला गेला. त्याच्यासाठी कुणी न्यायसभा भरवल्याचे वाचनात नाही.

भारतातल्या नारायण पंडिताने ‘हितोपदेशा’त निराळी वाट धरली. शेवट त्याने बदलला नाही, क्रम बदलला: आधी मित्रलाभ, मग सुहृद्‌भेद. वाचणाऱ्याने प्रथम कावळा, उंदीर, कासव आणि हरीण यांना जाळ्यातून सुटताना पाहावे आणि नंतर बैलाच्या मरणाला सामोरे जावे, अशी ही योजना. आम्हांला ती अरबी खटल्यापेक्षा शहाणपणाची वाटते, कारण तिच्यात खोटा दिलासा नाही. मराठीत १८१५ मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यातून मोडी लिपीत निघाला तो वैजनाथ पंडितांचा ‘हितोपदेश’च, आणि तोही बालकांसाठी नव्हे, भाषा शिकणाऱ्या साहेबांसाठी!

आमच्या लहानपणी हाती आलेल्या एका पातळशा पुस्तकात सिंह कोल्ह्याला जंगलातून हाकलून देत असे. तो शेवट कुणी जोडला, देव जाणे. हेतू चांगलाच असणार. पण पुढे एम. ए. च्या वर्षांत मूळ ग्रंथ वाचला, तेव्हा आम्हांला राग आला तो दमनकाचा नव्हे, त्या पुस्तकाचा. इतकी वर्षे आपण निश्चिंत होतो!

गेल्या दिवाळीत नऊ वर्षांच्या भाचीला ही कथा सांगण्याची वेळ आली, तेव्हा आम्ही जुनाच शेवट ठेवला. ती रडली नाही. दमनकाचे पुढे काय झाले, हेही तिने विचारले नाही. ‘‘मामा, करटकाला सगळं माहीत होतं ना? मग तो त्याच्याशी परत बोलला का?’’ एवढेच तिला हवे होते. अरबी कथेतला कलीला ह्या दुःखाने मरतो. आपला करटक झुंज चालू असताना दमनकाची भरपूर कानउघाडणी करतो, त्याला गोष्टींमागून गोष्टी ऐकवतो, आणि मग ग्रंथ त्याच्याबद्दल काही बोलत नाही. आम्ही तिला तसेच सांगितले. ती बराच वेळ पांघरुणाशी चाळा करीत होती. मग म्हणाली, ‘‘बोलला असेल. दोघंच तर होते.’’