एकाच घरची दोन ड्रिल

सुटीच्या दिवशी रंधा-करवत घेऊन बसणारा हौशी माणूस विजेचं ड्रिल घ्यायला दुकानात जातो आणि कोड्यात पडतो. शेजारी शेजारी दोन यंत्रं, दिसायला जवळजवळ सारखी, पण एकाची किंमत दुसऱ्याच्या तिप्पट! या कोड्याचा मोठा भाग अमेरिकेतल्या एका कंपनीच्या इतिहासात सापडतो.

१९१० साली बाल्टिमोरमध्ये डंकन ब्लॅक आणि अलोन्झो डेकर या दोन तरुणांनी एक छोटं वर्कशॉप काढलं. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली खटका असलेल्या त्यांच्या ड्रिलला १९१७ मध्ये पेटंट मिळालं. हे ड्रिल कारखान्यांसाठी होतं. पुढं दुसऱ्या महायुद्धात युद्धसामग्रीच्या कारखान्यांतले कामगार अशी ड्रिल घरी नेत आणि ती परत येत नसत, अशी हकीकत सांगतात. कंपनीला त्या चोरीत गिऱ्हाईक दिसलं. १९४६ साली तिनं घरगुती वापराचं पाव इंची ड्रिल सतरा डॉलरच्या आत विकायला काढलं आणि १९५१ पर्यंत अशी दहा लाख ड्रिल तयार झाली.

घरगुती यंत्र स्वस्त होतं, ते काय काढून? यंत्र दिवसभर चालणार नाही, असं एकदा गृहीत धरलं की मोटर लहान चालते आणि बॉल बेअरिंगच्या जागी साधा बुश चालतो. ही लबाडी नव्हे, हिशेब आहे. वर्षाकाठी पंधरा-वीस भोकं पाडणाऱ्याचा बुश झिजणार तरी कधी?

पण या यशाची एक किंमत कंपनीला मोजावी लागली. १९८४ साली तिनं जनरल इलेक्ट्रिकचा छोट्या घरगुती उपकरणांचा धंदाही घेतला. आता तिचं नाव स्वयंपाकघरातल्या टोस्टरवरही झळकू लागलं. ज्याच्या हातोटीवर पोट आहे, तो सुतार तेच नाव घेऊन कामावर कसा जाणार? त्याची यंत्रं वेगळी आणि दणकट होती, पण तो जपानच्या माकिताकडे वळला. शेवटी १९९२ साली कंपनीनं व्यावसायिकांच्या यंत्रांवरून आपलं नाव पुसलं. १९६० मध्ये विकत घेतलेल्या डीवॉल्ट कंपनीचं नाव त्यांना दिलं, पिवळा रंग चढवला, काही सुधारणाही केल्या. आणि सुतार परत आला. म्हणजे महाग यंत्राच्या किमतीत बेअरिंग असतं, तसा थोडा रंगही असतो.

माझं मत विचाराल तर हौशी माणसानं ड्रिल खुशाल स्वस्त घ्यावं. माझ्या घरी असंच एक आहे, अजून कुरकुरलेलं नाही. विजेच्या गोल करवतीला मात्र हा हिशेब लावू नये. तिचा तळ पातळ पत्र्याचा असला तर एकदा पडली की वाकतो, आणि मग फळी कितीही जपून कापा, काप तिरकाच जातो. ती घेताना तळ हातानं दाबून पाहावा, रंग नंतर.