नगरच्या भुईकोटातील तुळया आणि चिमण्यांची वस्ती

१/ अहमदनगरचा (आजचे अहिल्यानगर) भुईकोट म्हटला की निजामशाहीची दगडी तटबंदी, रुंद खंदक आणि चांदबिबीचा लढा आठवतो. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात मात्र तटाच्या आतील साध्या खोल्यांच्या ओळीला वेगळेच स्थान आहे.

२/ ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पकडलेले काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य येथे आणले गेले. त्यांत नेहरू, पटेल, शंकरराव देव आणि पक्षाध्यक्ष मौलाना आझाद होते.

३/ खोल्यांची बांधणी एकोणिसाव्या शतकातील. छत लाकडी तुळयांचे आणि तुळयांना आधार म्हणून कमानी. तुळई व कमान यांच्या सांध्यांत आपसूक कोपरे निर्माण झाले आणि तेथे चिमण्यांनी घरटी थाटली.

४/ खाली पडणाऱ्या कचऱ्याने त्रासलेल्या आझादांनी प्रथम छत्री आणि मग बांबू घेऊन युद्ध पुकारले. अखेर हार मानून त्यांनी दाणे टाकले. हळूहळू पाखरे इतकी धीट झाली की त्यांच्या अंगाखांद्यावर येऊ लागली.

५/ एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात पत्नी जुलेखा बेगम निवर्तल्या. भेटीसाठी सरकारपुढे अर्ज करणे आझादांनी नाकारले होते. त्या दुःखात आवारातील एका जुन्या कबरीशी त्यांचे नवेच नाते जडले.

६/ तुळया, चिमण्या, कबर हे सारे त्यांनी मित्राला उद्देशून लिहिलेल्या पत्रांत उतरले. तुरुंगातून ती धाडता आली नाहीत. १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या उर्दू ग्रंथात ती प्रसिद्ध झाली. बंदिशाळेच्या छताची रचनाही अशी साहित्यात नोंदली गेली.