भरपाईच्या दाव्याची पुणेरी शाखा

जखमी झालेल्या माणसाने भरपाई मागावी आणि मेलेल्याच्या वारसांनी मात्र गप्प बसावे, असा विपरीत न्याय ज्या इंग्रजी कायद्याने दीर्घकाळ चालविला, त्याच्याच पोटी आपल्याकडील मृत्यूच्या भरपाईचा दावा जन्मास आला. १८०८ साली घोडागाडी उलटून बायको दगावलेल्या एका इसमाने फिर्याद लावली, तेव्हा अपघातानंतर ती जेवढे दिवस जगली तेवढ्या काळापुरताच त्याचा तोटा लॉर्ड एलनबरो यांनी मान्य केला. मृत्यू ही दिवाणी न्यायालयाच्या लेखी हानीच नव्हे, असा त्यांचा दंडक होता. जायबंदी करण्यापेक्षा ठार मारणे स्वस्त पडावे, हे त्या सुधारलेल्या राष्ट्राला अडतीस वर्षे निमूटपणे चालले! पुढे आगगाड्यांच्या काळात, १८४६ साली, पार्लमेंटाने वारसांस दाव्याचा हक्क दिला. आणि मुंबई-ठाणे गाडी सुरू होऊन दोन वर्षे लोटतात न लोटतात तोच १८५५च्या तेराव्या कायद्याने तो हिंदुस्थानात आला.

या कुळाची वैद्यकीय शाखा फुटली ती पुण्यात. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या वाळूत विशीतल्या एका मुलाचे मांडीचे हाड मोडले. लाकडी फळ्यांचा आधार बांधून, टॅक्सीने दीर्घ प्रवास करून त्याला तीन दिवसांनी पुण्यास आणले आणि एका शल्यविशारदाच्या रुग्णालयात दाखल केले. त्याच रात्री तो गेला. आईबापांची तक्रार अशी, की भूल न देता, केवळ मॉर्फियाच्या भरवशावर, माणसे लावून पाय जोराने ओढून हाड बसविण्यात आले आणि त्या धक्क्याने मुलगा दगावला. डॉक्टरांची कैफियत अशी, की हाड बसविणे पुढे ढकलले होते, केवळ हलका ताण देऊन पाय प्लास्टरने स्थिर केला होता, आणि मृत्यू चरबीचा कण रक्तप्रवाहात अडकल्याने झाला.

नुकसान कशाने झाले, हा प्रश्न येथे किती रुपये, या प्रश्नाच्या आधी उभा राहतो. आणि माझ्या मते या खटल्याचे सारे सत्त्व त्यातच आहे. मुलगा मेला हे उभयपक्षी कबूल होते. तो कशाने मेला, एवढाच वाद होता, आणि त्याचा निवाडा ओढण्याचा जोर, भूल आणि प्लास्टर यांच्या बारीक चिकित्सेतूनच व्हावयाचा होता. पुण्याच्या दिवाणी न्यायालयाने धक्क्याचे कारण मान्य केले, उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले आणि मे १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांचे अपील फेटाळले. आईबापांस मिळालेली रक्कम होती ३,००० रुपये. रक्कम विस्मरणात गेली. न्यायमूर्ती शेलत यांनी मांडलेली तीन कर्तव्ये मात्र राहिली: रोगी हाती घ्यावा की नाही हे ठरविताना, कोणता उपचार करावा हे ठरविताना, आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना वैद्याने वाजवी काळजी घेतलीच पाहिजे. यांपैकी कोणत्याही कर्तव्यात कसूर झाली, तर रोग्यास दाद मागता येते.

या निकालाचा आधार पुढेही घेतला गेला. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली संततिनियमनाच्या शस्त्रक्रियेनंतर एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. त्या दाव्यात खालच्या न्यायालयाने दिलेला ३६,००० रुपयांचा हुकूमनामा उच्च न्यायालयाने फिरविला. तो सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कायम केला तेव्हा जोशी विरुद्ध गोडबोले या वर सांगितलेल्या पुण्याच्याच खटल्याचा आधार घेतला, पण तोवर १९९६ साल उजाडले होते.