बेडीविना शिक्षा : एका प्रयोगाची कुळकथा

महाबळेश्वरच्या ‘चायनामन्स’ धबधब्याला ते नाव कैद्यांमुळे पडले. इंग्रजांनी १८३०च्या दशकात या थंड हवेच्या ठिकाणी सुमारे १२० जणांचा तुरुंग उभारला आणि पूर्वेकडच्या वसाहतींतून शिक्षा होऊन आलेले चिनी व मलायी कैदी त्यात आणून ठेवले. हे लोक बटाटे आणि भाजीपाला पिकवत, वेताच्या टोपल्या विणत. त्यांचे मळे या धबधब्याच्या आसपास होते. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला, नाव तेवढे राहिले.

कैद्याला मातीत कामाला लावणे ही युक्ती जुनीच. त्याच्यावर विश्वास टाकणे मात्र नवे होते. स्वित्झर्लंडमध्ये विट्झविलला १८९५ च्या सुमारास कैद्यांची मोठी शेती सुरू झाली. पुढे तीच जगभरच्या खुल्या तुरुंगांचा नमुना ठरली. मुंबई इलाख्यातही १९०५ मध्ये ठाण्याच्या कैद्यांसाठी असा एक प्रयत्न झाला, पण तो पाचेक वर्षांतच गुंडाळला गेला.

हा विचार पुन्हा रुजला तो औंध संस्थानात.

अवघ्या ७२ गावांचे हे संस्थान मुख्यतः आजच्या सातारा-सांगली भागात तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले होते. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे प्रचारक आणि स्वतः चित्रकार. १९३९ च्या जानेवारीत त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने घडलेली राज्यघटना जाहीर केली आणि कारभार ग्रामपंचायतींच्या हाती दिला. या खटपटीत युवराज अप्पासाहेब पंतांच्या बरोबरीने राबत होता मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा इंजिनिअर. बंगळूरचा कारखाना सांभाळता सांभाळता तो भगवी वस्त्रे नेसून ‘भारतानंद’ झाला होता. जन्मठेपेचे कैदी कोठडीत कुजवण्यापेक्षा उघड्यावर शेतीला लावावेत, असा त्याचा आग्रह होता. राजाने तो मानला आणि आटपाडीजवळच्या माळावर कैद्यांची वसाहत बसली. तिचे नाव ठेवले स्वतंत्रपूर.

माणदेशातला हा मुलूख दुष्काळी. तिथे जमीन कसायची म्हणजे आधी पाण्याशी झगडा. खून करून आलेल्यांनी तो केला, तोही तटाबुरुजांच्या पहाऱ्याशिवाय. या वसाहतीचे वेगळेपण मात्र तिच्या घरांत होते. इथे कैद्याला बायकामुलांसह राहता येते. शिक्षा भोगणारा माणूस सकाळी शेतावर जातो आणि संध्याकाळी स्वतःच्या चुलीशी परततो.

आटपाडी तालुक्यातल्याच शेटफळ्यात जन्मलेल्या आणि औंधला शिकलेल्या ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगावरून पटकथा लिहिली. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ मध्ये पडद्यावर आला. पुढच्याच वर्षी त्याने बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल पटकावले. सहा खुनी आणि एक जेलर यांच्यासाठी सगळ्या देशाने डोळे पुसले. पडद्यावरच्या कैद्यांना संसार नव्हता, स्वतंत्रपुरातल्यांना होता. तरी कल्पना घराघरात पोचली ती सिनेमामुळेच.

थिएटरात हळहळणारी जनता वर्तमानपत्र उघडले की वेगळे बोलते. २०१६ मध्ये मुंबईतल्या एका खून खटल्यातला जन्मठेपेचा कैदी नाशिकच्या कारागृहातून अभिवचन रजेवर (पॅरोलवर) सुटला तो परतलाच नाही. ‘यांना सोडतातच कशाला?’ असा संताप उसळला आणि त्याच वर्षी राज्याने रजेचे नियम आवळले. त्याआधीच, २०१२ मध्ये, संचित रजा (फर्लो) कोणाला द्यायची नाही याची यादी वाढली होती. दहशतवादी गुन्हे, दरोडा, अपहरण, अंमली पदार्थांची तस्करी अशा प्रकरणांतले कैदी तिच्यात आले. माणूस तुरुंगात कसा वागला, याच्याआधी तो कोणत्या कलमाखाली आत आला, हे पाहणे सुरू झाले. टाडा, मोक्का यांसारख्या दहशतवाद व संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यांनंतरच्या काळात या कडकपणाला लोकांचा पाठिंबाही मोठा होता. बॉम्बस्फोटांत माणसे गमावलेल्या मुंबईकडून दुसरी अपेक्षा करणे कठीणच.

औंधच्या मुलखात मात्र ही यादी अडखळते. इंग्रजांविरुद्ध भूमिगतांनी चालवलेल्या प्रतिसरकारचे ठाणे असलेले कुंडल याच संस्थानातले. १९४३ मध्ये शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटणारे आणि १९४४ मध्ये धुळ्याचा सरकारी खजिना पळवणारे भूमिगत इंग्रजांच्या दप्तरी दरोडेखोर होते. औंधच्या हद्दीत त्यांना आसरा मिळे. या यादीने तोलले, तर त्यांच्यापैकी कित्येकांच्या वाट्याला रजासुद्धा आली नसती.

औंध १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले आणि वसाहत सरकारकडे आली. १९५५ मध्ये जिनिव्हाच्या संयुक्त राष्ट्र परिषदेने खुल्या तुरुंगांची शिफारस केली, तोवर स्वतंत्रपूर सोळा वर्षांचे झाले होते. राज्याच्या कारागृह विभागाकडे ही वसाहत आजही आहे. तिथे तीस कैद्यांचीही सोय नाही.