वेदनेची वाट

तापल्या तव्याला बोट लागलें कीं हात आधीं मागें येतो आणि दुखणें मागाहून कळतें. हा क्रम श्रोत्यांनीं स्वयंपाकघरांत कधीं ना कधीं अनुभवलाच असेल. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याच्या मृत्यूनंतर, १६६४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मनुष्यदेहावरील फ्रेंच ग्रंथांत एक चित्र आहे : विस्तवाजवळ पाय गेलेला एक मनुष्य, आणि त्या पायापासून मेंदूपर्यंत पोंचलेला एक धागा. दोरी खालून ओढावी आणि वर घंटा वाजावी, तशी ही वेदना. जेवढा हिसका तेवढा नाद!

कल्पना सोपी होती, म्हणूनच ती तीनशें वर्षें टिकली. ती सर्वस्वीं खोटीही नव्हती. हेल्महोल्ट्झ यानें १८५० सालीं बेडकाच्या मज्जातंतूंतून संदेश किती वेगानें धांवतो हें मोजलें. सेकंदास तीस मीटरांच्या आंतबाहेर तो वेग भरला. पुढें असें आढळलें कीं, वेदना वाहणारे तंतु दोन जातींचे असतात. पातळ वेष्टन असलेले तंतु चपळ असतात, तर वेष्टनरहित तंतु सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर चालतात. ठेंच लागली असतां प्रथम तीक्ष्ण कळ आणि क्षणभरानें जळजळता ठणका येतो, तो याच भेदामुळें.

दोरीच्या कल्पनेला खरा धक्का बसला तो रणांगणावर. दुसऱ्या महायुद्धांत इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरांनीं २१५ गंभीर जखमी सैनिकांची विचारपूस केली. कोणाचें हाड मोडलेलें, कोणाच्या पोटांत गोळी शिरलेली. तरी सुमारें तीन-चतुर्थांश सैनिकांना वेदनाशामक औषध नकोसें वाटलें. हीं माणसें बधिर झालीं होतीं म्हणावें, तर तेंही नाहीं. शिरेंत सुई नीट टोंचली नाहीं कीं तींच ओरडत! बीचर यांचा तर्क असा, कीं सैनिकाला जखम म्हणजे रणांतून सुटका होती.

मग दोरी ओढली गेली, पण घंटा कां वाजली नाहीं? १९६५ सालीं मेल्झॅक आणि वॉल यांनीं उत्तर सुचविलें : पृष्ठरज्जूंत जणूं एक दार आहे. स्पर्शाचे जाड तंतु तें लोटूं पाहतात; म्हणूनच लागलेली जागा चोळली कीं बरें वाटतें. मेंदूही वरून तें बंद करूं शकतो. त्या सिद्धांताचा तपशील पुढें पुष्कळ बदलला. परंतु वरून उतरणाऱ्या आज्ञेचें तत्त्व टिकलें, आणि १९७५ सालीं ॲबर्डीन येथें मेंदूंतच अफूसारखें काम करणारीं द्रव्यें सांपडलीं.

याच शास्त्राच्या नांवावर एक अन्यायही झाला. नवजात बालकांच्या मज्जातंतूंवर वेष्टन पुरें चढलेलें नसतें, सबब त्यांना वेदना नाहींत, असें मानून १९८० च्या दशकापर्यंत कित्येक ठिकाणीं त्यांच्यावर नाममात्र भूल देऊन शस्त्रक्रिया होत. प्रौढांचा ठणकाही वेष्टनरहित तंतूंतूनच वाहतो, याचा विसर पडावा हें नवलच! भारतांत शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. आनंद आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८७ सालीं दाखविलें, कीं अशा अर्भकांना शस्त्रक्रियेच्या वेळीं वेदनाशामक दिलें असतां शरीराचा क्षोभ कमी होतो आणि मागाहूनचे उपद्रवही घटतात. त्यानंतर शस्त्रक्रियागृहांतली ती रूढी हळूहळू बदलली.