शेजारधर्म

माझा एक पुतण्या पुण्याला असतो. कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. नेमकं काय करतो ते मी तीनदा विचारलं, त्याने तीनदा सांगितलं आणि आता दोघांनीही तो नाद सोडला आहे. घरी आला की कानात बोंडं खुपसून बसतो. 'जेवायला चल' म्हटलं तर 'थँक्यू' म्हणतो.

गेल्या दिवाळीत ती बोंडं काढून त्याने एकदम विचारलं, "काका, तुमच्या वेळी अंडररेटेड अल्बम असायचे का हो?"

"आमच्या वेळी लग्नाचे अल्बम असायचे," मी म्हणालो, "आणि ते सगळेच्या सगळे ओव्हररेटेड असायचे."

मग त्याने मला समोर बसवून शिकवणी घेतली. विलायतेत 'द किंक्स' नावाचा रॉक संगीतवाल्यांचा एक चमू होता. त्यांनी २२ नोव्हेंबर १९६८ ला एक तबकडी काढली. तिचं नाव पंचायत समितीच्या ठरावासारखं : 'द किंक्स आर द व्हिलेज ग्रीन प्रिझर्वेशन सोसायटी'. विषय काय, तर गावातली हिरवळ, जुने मित्र, जुने फोटो. नेमकी त्याच दिवशी बीटल्सची पांढऱ्या वेष्टनातली जोड-तबकडी इंग्लंडच्या बाजारात आली. म्हणजे आपल्या मुलीचं लग्न आणि गावच्या पाटलाच्या मुलीचं लग्न एकाच तिथीला! आपल्या मांडवात जेवायला कोण येणार? किंक्सची तबकडी खपाच्या यादीत नावालाही लागली नाही. पण ज्या मूठभर लोकांनी ती घेतली, त्यांनी ती सोडली नाही. एकाने दुसऱ्याला ऐकवली, दुसऱ्याने तिसऱ्याला. शेवटी २०१८ साली तिच्या पन्नाशीला कंपनीने भलीमोठी पेटी काढून तिचा थाटात वाढदिवस केला.

"असं काही आहे का तुमच्याकडे?" पुतण्याने विचारलं.

"आहे," मी म्हणालो. "पण त्यासाठी नांदेडला जावं लागेल. १९८७ साली."

त्या साली मी नांदेडात बँकेत कारकून होतो. वजिराबादेत दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. आमच्या आणि शेजारच्या बिऱ्हाडामधली भिंत इतकी पातळ, की त्यांच्याकडे फोडणी पडली की ठसका आम्हाला लागे. शेजारी एक निवृत्त गुरुजी राहत. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेले, पण स्वतः शिकलेले निजामाच्या राजवटीत, उर्दूतून. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि गुरुजींच्या शब्दांत सांगायचं तर, "आम्ही रात्री उर्दूत झोपलो आणि सकाळी मराठीत उठलो." सिनेमाची गाणी त्यांना बिलकुल खपत नसत. रेडिओवर बातम्या संपल्या की ते रेडिओ नुसता बंद करीत नसत, त्यावर कापडही घालीत.

त्या वर्षी जिकडेतिकडे 'मिस्टर इंडिया' चालू होता. मी कामासाठी हैदराबादला गेलो, तेव्हा बायकोने सुलतान बाजारातून त्याची कॅसेट आणायला सांगितली. दुकानदाराकडे ती संपली होती. रिकाम्या हाताने परत जाण्याची छाती नव्हती, म्हणून समोर दिसली ती कॅसेट उचलली. वर आशा भोसले यांचं नाव होतं. संगीत राहुल देव बर्मन, शब्द गुलजार यांचे. अल्बमचं नाव 'दिल पडोसी है'. म्हटलं, आशाबाई आणि पंचम म्हणजे धमाल असणार. बायकोचा राग तरी निघेल.

धमाल कसली! घरी येऊन लावली तर पहिल्यांदा काही कळेचना. 'भीनी भीनी भोर' म्हणून एक गाणं होतं, ते पहाटेच्या मैफलीतून उठून आल्यासारखं. 'रात ख्रिसमस की थी' म्हणून दुसरं, ते गिरजाघराच्या अंगणातून आल्यासारखं. अशी चौदा गाणी, आणि एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही. बायको म्हणाली, "ह्याचा पिक्चर कुठला?" मी म्हणालो, "ह्याला पिक्चरच नाही." ती म्हणाली, "मग पैसे कशाचे दिले?"

हसू नका. सगळ्या हिंदुस्थानने त्या वर्षी हाच प्रश्न विचारला. हा अल्बम ८ सप्टेंबर १९८७ ला, आशाबाईंच्या वाढदिवशी, एचएमव्हीने काढला. दोन रेकॉर्डींचा जोड-अल्बम. पण आपल्याकडे गाणं म्हणजे सिनेमाचं गाणं. गीतमालेत पायदान मिळायचं ते सिनेमाच्या गाण्याला. दूरदर्शनवर 'चित्रहार'मध्ये जागा मिळायची ती सिनेमाच्या गाण्याला, कारण झाडाभोवती फिरायला कोणीतरी लागतंच. विविध भारतीवर राज्य सिनेमाच्याच गाण्यांचं. बिगरसिनेमाच्या गाण्याला पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसण्यापुरती जागा. त्यात पंचमचे दिवसही फिरलेले होते. एकेकाळी 'दम मारो दम'ने पोरांना वेड लावणाऱ्या आणि गिटार-ड्रमचा तो दणका हिंदी गाण्यात मुरवणाऱ्या माणसाकडे निर्माते पाठ फिरवू लागले होते.

गंमत बघा. त्याच १९८७ साली ह्याच तिघांनी 'इजाजत' सिनेमात 'मेरा कुछ सामान' केलं. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. शब्दांसाठी गुलजारांना, आवाजासाठी आशाबाईंना. (चालीला काही नाही! चाल बहुधा आपोआप लागली असावी.) तीच तीन माणसं, तेच वर्ष. एका गाण्याला पडदा मिळाला, चौदा गाण्यांना मिळाला नाही. एक भाऊ कलेक्टर झाला आणि चौदा भाऊ घरी बसले.

असो. मी मात्र हट्टाने ती कॅसेट रोज रात्री लावू लागलो. आधी पैसे वसूल करण्यासाठी आणि मग खरंच आवडली म्हणून. चौथ्या की पाचव्या रात्री भिंतीवर काठीचे तीन ठोके पडले. मी बाहेर गेलो. दारात गुरुजी उभे.

"काय लावलाव हो हे रात्रीचं?"

"गाणी आहेत, गुरुजी. नवीन आहेत."

"नाव काय?"

"'दिल पडोसी है'."

गुरुजी क्षणभर थांबले. "म्हणजे मन शेजारी आहे?"

"हो."

"मग त्या मनाला सांगा, भिंत पातळ आहे."

एवढं बोलून ते आत गेले. मी आवाज कमी केला. दुसऱ्या रात्री पुन्हा तीन ठोके. मी आवाज आणखी कमी केला, तर ठोके वाढले. बाहेर गेलो. गुरुजी म्हणाले, "अहो, आवाज कमी कामून केलाव? एक शब्द ऐकू येईना गेला. भीनी म्हणजे काय, माहीत आहे का तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं. मी 'झिरझिरीत' समजत होतो. गुरुजी आमच्या उंबऱ्यावरच बसले. "भीनी म्हणजे ओलसरही आणि मंद वासाचीही. पहिला पाऊस पडून गेल्यावर गोदावरीकाठची पहाट असते ना, ती. चला, लावा पुन्हा पहिल्यापासून."

त्यानंतर दीड वर्ष आमच्याकडे रात्री नऊला वर्ग भरत असे. कॅसेट प्लेअर मध्ये, गुरुजी खुर्चीवर, आम्ही नवरा-बायको चटईवर. एक ओळ झाली की गुरुजी हात वर करीत, मी कॅसेट थांबवी आणि ते शब्दाची सालं काढून दाखवीत. बटण दाबून दाबून प्लेअरचं बटण गेलं, पण उर्दू थोडी आली. आमच्या नांदेडात तशी निम्मी उर्दू भाजीबरोबर मिळते, पण ती भाव करण्याची. ही वेगळी होती. सिनेमाच्या गाण्यांविषयी गुरुजींचं मत काही बदललं नाही. "ही सिनेमाची नाहीतच," ते म्हणत, "म्हणून तर ऐकलालो."

१९८९ ला माझी बदली लातूरला झाली. सामान टेम्पोत चढलं. कॅसेट मात्र सापडेना. गुरुजी शांतपणे म्हणाले, "ती माझ्याकडं आहे. आणि राहू द्या. तुम्ही दुसरी करून घ्या." मराठी शाळेतल्या शिक्षकाकडून अशी दिवसाढवळ्या जप्ती होईल असं वाटलं नव्हतं. शेवटी तासाभरापुरती मागून आणली आणि एका दुकानात कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतली. हे बेकायदा आहे, ही गोष्ट बँकेत नोकरी असूनही माझ्या डोक्यात आली नाही. दुकानदाराने साठ मिनिटांची कॅसेट वापरली. गाणी त्याहून जास्त. त्याने क्रमही आपल्या मर्जीने लावला. परिणाम असा की दोन गाणी मावलीच नाहीत आणि 'कोई दिया जले कहीं' मध्येच खटकन तुटलं. दिवा विझल्यासारखं. इतकी वर्षं तसंच ऐकून मला वाटू लागलं, की ते गाणं तिथेच संपतं. कवीची काहीतरी युक्ती असेल.

लातुरात मी तूरडाळीच्या गावात नवा डाळवाला असल्यासारखा ही कॅसेट गळ्यात मारत फिरलो. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या निदान चार रस्त्यांवरच्या घरांत माझ्या कॅसेटची कॅसेट आणि तिचीही कॅसेट पोहोचली होती. सगळ्यांकडे दिवा एकाच जागी विझायचा. बँकेतल्या शिपायाने तर एकदा मला ऐकवलं, "साहेब, ते गाणं अर्ध्यात सोडलंय तेच भारी आहे."

मग १९९३ साल आलं. अनंत चतुर्दशीची रात्र. गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं दगड-मातीच्या घरांखाली गाडली गेली. हजारो माणसं गेली. त्याबद्दल विनोदी लेखात लिहू नये आणि मी लिहिणार नाही. लातूर शहरात आम्ही वाचलो. पण घरात पाय ठेवायची कोणाची हिंमत नव्हती. सगळी कॉलनी मैदानात अंथरुणं टाकून झोपे. झोपे कसली, पडून राही. जमीन जरा थरथरली की सगळे उठून बसत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या मैदानात एक म्हातारा काठी टेकत, प्रत्येक अंथरुणात वाकून बघत येताना दिसला. गुरुजी! नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीने आले होते. फोन लागत नव्हते. आमच्यावर नजर पडताच ते जागीच उभे राहिले. आम्हा दोघांना, मग पोरांना, बोटाने मोजल्यासारखं बघितलं. मग एकदम रागावल्यासारखा चेहरा करून पिशवीतून ती कॅसेट काढली.

"ही तुमची वस्तू. चार वर्षं झाली. म्हटलं, देऊन यावी. उधारी ठेवणं बरं नाही."

दुसरं काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. बायको मात्र तोंडाला पदर लावून उठून गेली.

रात्री कोणीतरी सेलवरचा प्लेअर आणला. गुरुजींनी कॅसेट लावली. 'कोई दिया जले कहीं' आलं. नेहमीची जागा आली आणि शिपायापासून मॅनेजरपर्यंत आम्ही सगळे थांबलो. आता तुटणार. ते तुटलं नाही. पुढे गेलं. गाणं पुढेही होतं! आमच्या माहितीपेक्षा बरंच पुढे होतं. मैदानात कोणी काही बोललं नाही. त्या रात्री मी चार दिवसांत पहिल्यांदा झोपलो.

पुढे तीनच महिन्यांनी, ४ जानेवारी १९९४ ला, पंचम गेले. चौपन्न वर्षांचे होते. त्याच वर्षी '१९४२ : अ लव्ह स्टोरी' आला आणि ज्यांनी त्यांना विसरल्याचं नाटक केलं होतं, त्यांना ते एकदम आठवले. गुरुजींनी मला पोस्टकार्ड टाकलं : 'तुमचे संगीतकार गेल्याचे वाचले. वाईट वाटले. कॅसेट परत पाठवावी.' पाठवली. ती त्यांच्या शेवटापर्यंत त्यांच्याकडेच राहिली.

हे सगळं मी पुतण्याला सांगितलं. तो काही बोलला नाही. खिशातून फोन काढला, दोनदा बोट फिरवलं आणि तीन सेकंदांत चौदाच्या चौदा गाणी समोर! क्रमाने, अखंड, एकही न तुटलेलं. जी वस्तू घराघरांतून विरजणासारखी मागून न्यावी लागत होती, ती आता नळाला आली आहे. चांगलंच झालं. तक्रार नाही. फक्त नळाचं पाणी न्यायला शेजारी येत नाही, एवढंच.

पुतण्या गेल्यावर मीही शिकलो. आता रात्री नऊला फोनवरच ती गाणी लावतो, एका डब्यातून आवाज मोठा करून. परवा आमच्या अपार्टमेंटमधल्या नव्या शेजाऱ्यांनी भिंतीवर तीनदा ठोकलं. बायको म्हणाली, "अहो, आवाज कमी करा."

मी केला नाही. भीनी म्हणजे काय, हे विचारायला ते येतील, म्हणून दार उघडं ठेवून बसलो आहे. अजून आलेले नाहीत. पण भिंत पातळ आहे.