वास्तवकालीन सदृशीकरण, वाहनांचे

वाहनाचे किंवा त्यातील एखाद्या यंत्रणेचे गणिती प्रतिमान संगणकावर घड्याळाच्याच गतीने चालविण्याचे तंत्र. व्यवहारात ‘रिअल-टाइम सिम्युलेशन’ हेच नाव रूढ आहे. एरवीच्या सदृशीकरणात दहा सेकंदांच्या ब्रेकिंगचे गणित सुटायला तास लागला तरी बिघडत नाही. येथे मात्र संगणकाला खरा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक (ईसीयू) किंवा खरा चालक जोडलेला असल्याने वेळ टळून गेल्यावर आलेले अचूक उत्तरही निरुपयोगी ठरते. या क्षेत्रातील बहुतेक अडचणींचे मूळ या एका अटीत आहे.

प्रकार : ‘हार्डवेअर-इन-द-लूप’ चाचणीत ईसीयू खरा असतो आणि गाडी आभासी. चाकांच्या वेगाचे संकेत संगणक तयार करतो आणि ईसीयूने ब्रेकच्या झडपांना दिलेल्या आज्ञा वाचून गाडीची पुढची स्थिती काढतो. त्यामुळे निसरड्या रस्त्यावर सेन्सरची तार तुटली तर काय होईल, हे कोणालाही धोका न पत्करता तपासता येते. ‘ड्रायव्हर-इन-द-लूप’ प्रकारात चालक हलत्या मंचावरील केबिनमध्ये बसतो. डाइमलर-बेंझ कंपनीने असा सिम्युलेटर १९८५ मध्ये बर्लिन येथे उभारला.

कालांतराची निवड : गणित ठरावीक कालांतराने, ‘टाइम स्टेप’ने, पुढे सरकते. गाडीच्या हालचालींसाठी सुमारे १ मिलिसेकंद पुरतो. ६,००० फेरे प्रति मिनिट गतीच्या इंजिनात मात्र तेवढ्या वेळात क्रँकशाफ्ट ३६ अंश फिरतो, म्हणून ठिणगी व इंधनफवारणीचे संकेत स्वतंत्र, अधिक वेगवान मंडलांवर हाताळावे लागतात. विद्युत वाहनाच्या इन्व्हर्टरमध्ये (बॅटरीची एकदिश वीज मोटरसाठी प्रत्यावर्ती करणाऱ्या मंडलात) ही निकड आणखी वाढते. तेथील स्विच सेकंदाला १०,००० वेळा चालू-बंद होत असतील, तर एक आवर्तन १०० मायक्रोसेकंदांचे होते आणि त्याच्या शतांशापर्यंत अचूकता हवी असेल तर १ मायक्रोसेकंदाची पायरी लागते. सामान्य प्रोसेसरला ती झेपत नसल्याने एफपीजीए (आतील मंडल गरजेनुसार जुळवता येणारी) चिप वापरतात.

गणिती अडचणी : गाडीचा सांगाडा सेकंदाला एक-दोन वेळा, तर चाके दहा-पंधरा वेळा आंदोलन पावतात; सस्पेन्शनमधील रबरी बुश व ब्रेकमधील द्रव यांचा प्रतिसाद याहून कितीतरी जलद असतो. अशा ‘स्टिफ’ समीकरणांत पायरी मोठी घेतली तर साध्या पद्धतीचे उत्तर भरकटते. गरजेनुसार पायरी लहान-मोठी करण्याचा नेहमीचा उपाय येथे चालत नाही, कारण प्रत्येक पायरीचे काम नेमून दिलेल्या वेळेत संपण्याची हमी हवी असते. म्हणून पुनरावृत्त्यांची संख्या आधीच बांधून घेतात, किंवा बुशची लवचिकता वगळून तिचा परिणाम तक्त्यांतून घेतात. वेळ वाचतो, पण प्रवासातील बारीक कंपनांचा अभ्यास अशा प्रतिमानावर करता येत नाही.

टायरची अडचण वेगळी आहे. टायर-संशोधक हान्स पासेइका यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या ‘मॅजिक फॉर्म्युला’सारख्या प्रतिमानांत चाकाची घसर हा मुख्य घटक असतो. ती काढताना गाडीच्या वेगाने भागावे लागते आणि गाडी थांबताना हा भाजक शून्याकडे जातो. त्यामुळे उभी राहणारी गाडी दाखविणे हे भरधाव गाडी दाखविण्यापेक्षा अवघड ठरते. टायरमध्ये बल निर्माण होण्यास लागणारे अंतर हिशेबात घेऊन यावर तोड काढतात.

मानवी घटक : ‘ड्रायव्हर-इन-द-लूप’ सिम्युलेटरमधील मंचाला सरकण्यास जागा मर्यादित असते. दीर्घकाळ टिकणाऱ्या त्वरणाचा भास देण्यासाठी केबिन हळूहळू कलवून गुरुत्वाकर्षणाचा उपयोग केला जातो. कल जलद झाला तर चालकाला तो जाणवतो. दृश्य आणि हालचाल यांच्यात विलंब पडला तर मळमळ होते आणि स्टिअरिंगवरील त्याचा प्रतिसादही बदलतो.

पडताळणी : प्रतिमान जेवढ्या परिस्थितीत खऱ्या गाडीशी ताडून पाहिले असेल, तेवढ्यापुरतेच त्याचे निष्कर्ष विश्वासार्ह असतात. स्थैर्य-नियंत्रण प्रणालीच्या ‘साइन विथ ड्वेल’ (स्टिअरिंग दोन्ही बाजूंना वळवून मध्ये क्षणभर स्थिर धरण्याच्या) चाचणीच्या सदृशीकरणासाठी आयएसओ १९३६५ हे मानक आहे. याच प्रणालीविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा नियम १४० एका गाडीची प्रत्यक्ष चाचणी झाल्यावर त्याच प्रकारातील इतर आवृत्त्यांसाठी सदृशीकरणाचा पुरावा ग्राह्य धरतो. मात्र त्यासाठी वापरलेले साधन आधी प्रत्यक्ष चाचणीशी पडताळलेले असावे लागते.